बत्तीस नंबरची नजर

मला राग पटकन येतो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर आमच्या घरातल्या कोणी येऊन सांगायला नको. राग आला की मी दार आपटते, तीन जिने उतरते आणि कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसते. घाईत स्वेटर घ्यायचा हमखास राहतो. मग तिथे कुडकुडायला होतं, आणि कुडकुडत माणूस रागावून रागावून किती वेळ रागावणार. वीस मिनिटांत मी परत. चोवीस वर्षं हा शिरस्ता चालू आहे. दार आपटलं की आमचे हे घड्याळाकडे बघतात आणि अठराव्या मिनिटाला चहाचं आधण ठेवतात. लिफ्ट दुरुस्त करतात ते. वर गेलेलं खाली येतंच, हे त्यांना धंद्यानं शिकवलंय. आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा वेगळा विषय.

घरात आम्ही चौघं. आम्ही दोघं, धाकटा दीर आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ. तिला मी धाकटी म्हणते. अकरा वर्षांपूर्वी ती या घरात आली आणि त्याच वर्षी तापानं अंथरुणाला खिळली. नऊ दिवस मी तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसले होते आणि नऊही दिवस आम्ही खिडकीवरून भांडलो. मला ती उघडी हवी, तिला बंद. माणूस शुद्धीवर आहे की नाही हे कळायला तेवढा एकच मार्ग होता. दहाव्या दिवशी ताप उतरला. भांडण राहिलं ते राहिलंच.

ती कधी आवाज चढवत नाही, हे तर आणखी वाईट. मी अर्धा तास तावातावानं बोलावं आणि तिनं शांतपणे म्हणावं, "तसं नाहीये ते, ताई." या चार शब्दांनी माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं शिवी दिली असती तरी फिरलं नसतं. लग्नाआधी ती एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. त्यामुळे जग मिलिमीटरमध्ये असतं अशी तिची पक्की समजूत आहे.

आता कामाचं सांगते. विद्यापीठात एक लॅब आहे, तिथे यंत्राला खोली बघायला शिकवतात. मलाही आधी वाटलं होतं की कॅमेरा लावला की झालं, त्यात शिकवायचं काय. पण कॅमेऱ्याला नुसते रंगाचे ठिपके दिसतात. त्यातली खुर्ची कुठली, टेबल कुठलं, टेबलावरचा चष्मा कोणी विसरून गेलंय की आत्ता येऊन उचलणार आहे, हे कोणीतरी त्याला आधी हजारो वेळा दाखवावं लागतं. ते दाखवायचं काम मी घरी बसून करत होते. लॅपटॉपवर कुठल्या कुठल्या घरांचे फोटो यायचे. माउसनं प्रत्येक वस्तूच्या कडेकडेनं रेघ ओढायची, यादीतून तिचं नाव निवडायचं, कशावर काय ठेवलंय ते सांगायचं, आणि सगळ्यात शेवटी एका चौकटीत एक ओळ लिहायची: या खोलीत काय चाललंय?

ती चौकट मला फार आवडायची. खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षांत या घरात मला किल्ली कुठे आहे विचारलं गेलं, गॅस बंद केलास का विचारलं गेलं, यातला माझा टॉवेल कुठला हेही विचारलं गेलं. तुला काय दिसतंय, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. आता अख्खं विद्यापीठ विचारत होतं, रोज चाळीस वेळा. मी जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारून तिथे माझं ऑफिस थाटलं होतं आणि सकाळी नऊ ते एक त्या टेबलाला कोणाला हात लावू देत नव्हते.

तीन महिन्यांनी धाकटीनंही तेच काम घेतलं. मी करते म्हणून घेतलं असं माझं म्हणणं, जाहिरात बघून घेतलं असं तिचं. ती तिच्या खोलीत बसून करायची. एकमेकींचे फोटो बघायचे नाहीत, कोणाशी चर्चा करायची नाही, अशी लॅबची सक्त अट होती. दोघींनी सही केली होती. आमच्या बाबतीत सहीची गरज नव्हती, पण नियम म्हणजे नियम.

लॅबची आणखी एक पद्धत होती. प्रत्येक फोटो दोन माणसांकडे जायचा, आणि दोघांनी तो स्वतंत्रपणे बघायचा. नंतर दोघांची उत्तरं किती जुळली ते टक्क्यांत यायचं. दोघांना एकच दिसलं तर ते खरं, असा साधा हिशेब. नावं कोणाची कळायची नाहीत, नुसते नंबर. माझा नंबर एकोणीस आणि माझा जोडीदार बत्तीस नंबर.

हा बत्तीस नंबर म्हणजे माझ्या जिवाला घोर होता. आमची जुळणी कधी साठाच्या वर गेली नाही. सोफ्यावरची प्रत्येक उशी हा माणूस सुटी सुटी रेघ ओढून वेगळी काढायचा. अरे बाबा, उशा काढल्यावर उरेल त्याला सोफा म्हणतात का? कपड्यांच्या ढिगाला तो खुर्ची म्हणायचा, कारण खाली खुर्ची आहे. आणि पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला, औषध, चष्मा, पुस्तक, म्हणजे ज्याला कोणीही शहाणा माणूस टेबल म्हणेल, त्याला हा स्टूलच म्हणणार. अगदी शेवटच्या चौकटीत तर नुसती मोजदाद. खोली. पलंग एक. खिडकी एक. माणूस नाही.

गंमत अशी की धाकटीचाही जोडीदार तसलाच निघाला. चहाच्या वेळी आम्ही दोघी आपापल्या जोडीदाराला शिव्या घालू लागलो. नंबर सांगायचा नाही आणि फोटोबद्दल बोलायचं नाही, एवढी अट पाळून. अकरा वर्षांत आमचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. माझा बत्तीस नंबर पट्टी घेऊन झोपणारा कोणी आखडू बाप्या असणार, असं मी म्हटलं. तिचा जोडीदार म्हणजे नक्की कोणीतरी रिटायर झालेला हेकेखोर म्हातारा असणार, असं ती म्हणाली, समोर काय आहे ते न बघता मनातलं लिहून मोकळा होणारा. मी म्हटलं, अशा माणसाबरोबर घरातले लोक दिवस कसे काढत असतील. ती म्हणाली, मलाही तोच प्रश्न पडतो.

मग एक दिवस लॅबचं पत्र आलं, दोघींना एकाच दिवशी. ज्यांची जुळणी फार खाली आहे त्या जोड्यांना समोरासमोर बोलावलं होतं. आम्ही हौसेनं एकत्र निघालो. बसमध्ये मी काय काय बोलणार त्याची तालीम केली आणि धाकटीनं दोन ठिकाणी शब्द सुचवले. लॅबबाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो, आपापला प्राणी कधी येतोय त्याची वाट बघत. दार उघडलं. आतल्या बाईंनी कागद बघून हाक मारली, "एकोणीस आणि बत्तीस."

आम्ही दोघी उठलो. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं. त्या हेकेखोर म्हाताऱ्याला मी चांगली ओळखत होते असं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आतल्या त्या बाईंचं नाव आम्ही टक्केबाई ठेवलंय. तिशीतल्या, चेहऱ्यानं गंभीर, बोलणं सगळं टक्क्यांत. चहा घेणार का विचारलं तर म्हणतील, शक्यता वीस टक्के. आम्ही एकाच घरात राहतो हे कळल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही ठरवून काही केलं असेल अशी शंका त्यांना आली असावी, पण समोरच्या कागदावरचे अठ्ठावन्न टक्के बघून ती त्यांनी सोडून दिली.

मग त्यांनी आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे खोट्या भिंती उभ्या करून खोटं घर मांडलं होतं, सोफा, पलंग, स्टूल, सगळं खरं. एक चाकांचा खांब होता, कमरेइतका, वर कॅमेरा. पुढेमागे अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरात तो फिरणार आहे, टेबलावरचं औषध आणून देणार आहे. टक्केबाईंनी त्याला औषध आण म्हणून सांगितलं. तो सरसर गेला आणि झोपायच्या खोलीच्या दारात थबकला. स्टुलाकडे बघून थोडा पुढे झाला, थोडा मागे झाला, आणि तिथेच उभा राहिला. पडद्यावर अक्षरं आली: टेबल एक्कावन्न टक्के, स्टूल एकोणपन्नास टक्के.

टक्केबाई म्हणाल्या की हे तुमचं कर्तृत्व आहे. चार हजार फोटो तुम्ही दोघींनी शिकवलेत, आणि दोघींनी उलटसुलट शिकवलेत. मला त्या खांबाची खरंच दया आली. आमचे हे आणि भाऊजी अकरा वर्षं स्वयंपाकघराच्या दारात असेच उभे राहतात.

त्यानंतर त्यांनी मुख्य मुद्दा काढला. शेवटचा एक हप्ता दोनशे फोटोंचा. त्यात जुळणी ऐंशीच्या वर गेली तर आम्ही दोघी कायम. नाहीतर दोघींचं काम बंद, आणि आधीचे चार हजार फोटोही पुसून टाकणार, कारण खरं कोणाचं हेच ठरत नसेल तर ते ठेवून काय करायचं. मी विचारलं, जोडीदार बदलून नाही का देता येणार. धाकटीनंही नेमकं त्याच क्षणी तेच विचारलं. नवीन जोड्या लावणं बंद झालंय, असं उत्तर मिळालं.

आठ महिने. चार हजार खोल्या. त्यातल्या कितीतरी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. पायपुसण्यावर एकच बूट असलेली एक होती, तिच्यात मी लिहिलं होतं की दुसरा बूट हातात धरून कोणीतरी फोनवर बोलतंय. ते सगळं पुसलं जाणार, आणि मी पुन्हा टॉवेल कुठला ते सांगायला मोकळी. परतीच्या बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

घरी आल्यावर मी विचार केला. तिला भेटून, आपण असं असं लिहूया, असं ठरवता येत नव्हतं. सही केली होती, आणि सहीला मी जागते. पण एक गोष्ट नियमात कुठेच लिहिलेली नव्हती. मी हट्ट सोडला तर? ती काही बदलणारी बाई नाही, ती मिलिमीटरवरून हलायची नाही. तेव्हा मीच तिच्यासारखं बघायचं. तिच्यासाठी नाही, फोटोंसाठी.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पहिला फोटो उघडला. सोफा, त्यावर तीन उशा. मी दात ओठ खात तिन्ही उशा वेगळ्या काढल्या. कपड्यांचा ढीग आला, मी खुर्ची लिहिलं. स्टूल आलं, वर पेला, घड्याळ, दिवा, सगळा संसार मांडलेला, तरी मी स्टूल लिहिलं. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांनी बघायला फार कष्ट पडतील. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांत मला तिच्यासारखं सगळं दिसायला लागलं, ती कुठे थांबेल, कुठली कड तिला खुपेल, अर्धवट उघडा खण ती आधी मोजेल, सगळं. ते इतकं सोपं गेलं याचाच मला राग आला. मी दार आपटून खाली जाऊन बसले.

सहा दिवस हे चाललं. घरात आम्ही दोघी इतक्या गोड वागत होतो की भाऊजींनी चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं काही बिनसलंय का. यांनी तर तीन दिवस नुसत्या सवयीनं चहा उकळून फुकट घालवला, दार आपटलंच नाही म्हणून.

त्यातच चौथ्या दिवशी एकशे बारा नंबरचा फोटो आला. झोपायची खोली. पलंगावरचं पांघरूण अर्धं बाजूला सारलेलं. शेजारी स्टूल, त्यावर पेला आणि औषधाची बाटली. पलंगाकडे तोंड केलेली एक खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर स्वेटर. खोलीत कोणी नाही. माझे हात चौकटीवर जरा थांबले. मला त्या खोलीत पुष्कळ काही दिसत होतं. मग मी धाकटी लिहील तसं लिहिलं: खोली. पलंग एक, स्टूल एक, खुर्ची एक, स्वेटर एक. माणूस नाही. लिहून झाल्यावर उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

निकालाला पुन्हा दोघींना बोलावलं. मी निर्धास्त होते. नव्वद तर कुठे गेले नाहीत, असा हिशेब करून मी स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ऐसपैस बसले. धाकटीही प्रसन्न दिसत होती, आणि ते मला कळत नव्हतं, कारण तिनं तर काहीच केलं नव्हतं.

टक्केबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकतीस टक्के," त्या म्हणाल्या. "डोळे बांधून लिहिलं असतं तरी जास्त आले असते."

  धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं की, काय केलंत हे ताई. आणि मीही तिच्याकडे अगदी तसंच बघत होते.

टक्केबाई मात्र शांत होत्या. हे आकडे बघून त्यांनाही धक्का बसला होता, असं त्यांनी सांगितलं. इतकं वाईट काम मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमत नाही. मग त्यांना सुचलं आणि त्यांनी दोन्ही फायलींची नावं उलटी करून बघितली. म्हणजे एकोणीसची फाइल बत्तीसची धरली आणि बत्तीसची एकोणीसची, आणि दोघींच्या जुन्या कामाच्या धाटणीशी ताडून बघितली. तर दोघींचंही चौऱ्याण्णव टक्के जुळलं. चूक लॅबचीच, फायलींची अदलाबदल झाली, असं म्हणून त्यांनी माफीही मागितली. आता नावं परत नीट लावून, चूक लॅबची म्हणून, जुळणीऐवजी हे चौऱ्याण्णवच त्या निकालाला धरणार होत्या. पुरावा म्हणून त्यांनी एक फोटो उघडला. एकशे बारा.

"हे एकोणीसच्या फायलीत सापडलं," त्या म्हणाल्या. "खोली. पलंग एक, स्टूल एक, खुर्ची एक, स्वेटर एक. माणूस नाही. हे सरळसरळ बत्तीसचं लिहिणं आहे, नाही का? आणि बत्तीसच्या फायलीत काय आहे ऐका. आजारी माणूस आता बरं आहे, स्वतः उठून गेलंय. खुर्चीत बसणारी इतके दिवस हलली नव्हती. ती रागावून बाहेर गेलीय. पण स्वेटर इथेच आहे, म्हणजे येईल परत."

 धाकटी टेबलाच्या कडेवरची रेघ नखानं मोजत होती.

मला सगळं एका दमात कळलं. मी तिच्यासारखं बघत होते तेव्हा शेजारच्या खोलीत ती माझ्यासारखं बघत होती. तीही सहा दिवस, तीही दात ओठ खाऊन. नक्कल करताना माणूस अस्सलापेक्षाही कट्टर होतो, म्हणून अठ्ठावन्नाचे एकतीस झाले. उशांचा सोफा केला असेल, स्टुलाचं टेबल केलं असेल, आणि तिला वाटलं असेल, ही बाई काही बदलायची नाही, तेव्हा मीच. माझा स्वेटर नेहमी मागे राहतो हे या घरात कोणाच्या लक्षात असेल असं मला साताजन्मात वाटलं नव्हतं. ते नऊ दिवस तर मीच विसरले होते. निदान खिडकी सोडून बाकीचं.

टक्केबाईंनी माउस हातात घेतला. नावं उलटी करायची, एक बटण दाबायचं, की आम्ही दोघी पास. धाकटीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसा, याचा अर्थ. मी गप्पही बसले असते. लबाडी तिनं नाही केली, मी नाही केली, आणि चार हजार फोटो वाचत होते. पण नावं उलटी झाली की ते वाक्य माझ्या नंबरावर जाणार होतं. कायमचं. आणि तिच्या नावावर राहणार होतं, माणूस नाही.

"थांबा," मी म्हटलं. "अदलाबदल झालेली नाही. ते वाक्य माझं नाही. तिचं आहे."

मग मी सगळं सांगितलं. धाकटीनं पाय काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. माझं सांगून झाल्यावर टक्केबाईंनी तिला विचारलं, तिनंही तेच सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. पुढची पाच मिनिटं टक्केबाई एक टक्काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की एकमेकींना न विचारता, न बघता, दोनशेच्या दोनशे फोटो? आम्ही माना डोलावल्या.

नियमानं हप्ता बाद झाला. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ही पहिली अट, आणि ती आम्ही दोघींनी मोडली होती. त्यांनी आमच्यासमोरच एकोणीस आणि बत्तीस या जोडीवर काट मारली.  मी उठायला लागले, तर त्यांनी हातानं बसा म्हणून खूण केली आणि चार हजार फोटोंची जाडजूड यादी पुढे ओढली.

"हे पुसणार नाही," त्या म्हणाल्या. "या चुका असत्या तर तुम्हाला एकमेकींच्या चुका पाठ झाल्या नसत्या. चौऱ्याण्णव टक्के पाठ होते ती चूक नसते, ती नजर असते. आम्हीच खोलीचं खरं एकच असतं असं धरून चाललो होतो."

पुढच्या आठवड्यापासून नवीन काम देते, असं त्यांनी सांगितलं. तेच फोटो, पण प्रत्येकीनं दोनदा बघायचे, एकदा आपल्या डोळ्यांनी, एकदा दुसरीच्या. खांबालाही तसंच शिकवायचं, म्हणजे तो दारात थबकण्याऐवजी घरात कोण राहतं ते आधी बघेल. जमेल का, असं मी विचारलं. शक्यता चाळीस टक्के, त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

बाहेर पडलो. बसथांब्यापर्यंत आलो. थोड्या वेळानं मला राहवेना. तिला काहीतरी चांगलं बोलायचं असं मनात होतं, तोंडातून भलतंच आलं. मी म्हटलं, रागावून गेली असं कशाला लिहायला हवं होतं, माणूस चहा प्यायलाही बाहेर जातं. ती म्हणाली की तुम्ही चहा प्यायला गेला असतात तर स्वेटर घालून गेला असतात. मी म्हटलं, एवढं काही रागावत नाही मी. आणि त्या नऊ दिवसांत खिडकी बंद ठेवली असती तर ताप आणखी चार दिवस राहिला असता.

"तसं नाहीये ते, ताई," ती म्हणाली.

झालं. माझं डोकं फिरलं. मी तिला तिथेच थांब्यावर सोडलं आणि तरातरा चालू लागले. रस्ता ओलांडला, दुकानांची रांग संपली, वळणापाशी वारा अंगाला झोंबला तेव्हा लक्षात आलं की स्वेटर लॅबमधल्या खुर्चीवरच राहिला. मी मागे वळून बघितलं.

धाकटी थांब्यावर उभी होती. आमची बस आली होती, दार उघडून थांबली होती, आणि ती चढत नव्हती. माझा स्वेटर तिच्या हातावर घडी करून ठेवलेला होता. तिनं हाक मारली नाही, हातही केला नाही. ती घड्याळाकडे बघत होती.

बस निघून गेली. मी परत फिरले.